'विहिरीत पडून': नमुना 14 मधली एक ओळ

आधी पत्र काय आहे ते थोडक्यात सांगते, नावं-गावं सगळी काढून टाकलीयेत.

पत्र लिहिणाऱ्या ताई 41 वर्षांच्या. भाच्याच्या दाखल्यासाठी कुणबी नोंद शोधायला घेतली, 2023 पासून निम्म्या महाराष्ट्राने घेतली तशीच, आणि गाव नमुना 14 ची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू रजिस्टरची मोडीतली पानं स्कॅन होऊन हातात आली. मोडी वाचणाऱ्याने हवी ती नोंद काढून दिली, काम झालं, पण उठता उठता तो म्हणाला, ताई, तुमच्याच घरातल्या अजून दोन ओळी आहेत बघा, 1938 च्या. एक पणजोबांची मुलगी, वय 19, कारण 'विहिरीत पडून'. दुसरी ओळ त्याच्या दोन दिवस आधीची, नाव नसलेलं मूल, वय 6 दिवस, कारण 'ताप'. अशी कुणी मुलगी होती हे घरात कधी कुणी बोललेलं नाही. पणजोबा म्हणजे गावचे पोलीस पाटील, पंचक्रोशीत नाव, अजून फोटोला हार. त्यात 1939 च्या फेरफारात दोन एकर विकल्याचं सापडलं. चुलतभाऊ म्हणतो सरळ आहे, विधवा मुलगी असणार, मूल झालं, आधी मूल संपवलं मग तिला, आणि जमीन विकून प्रकरण मिटवलं. वडील (78) विषय काढल्यावर उठून गेले. आत्या (83) तेव्हापासून फोनवर नीट बोलत नाहीत. आणि मोठा भाऊ घराण्याची पुस्तिका छापायला देतोय, पहिल्याच पानावर पणजोबा. ताई विचारतात, शोध पुढे न्यावा की इथेच सोडावा, आणि पुस्तिका छापायच्या आधी सगळ्यांना सांगावं का. शेवटी एक ओळ आहे, 'आपण खुन्याची पतवंडं आहोत हे कळल्यापासून झोप लागत नाही.'

ताई, पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मीही तुमच्या चुलतभावासारखीच धावत सुटले, विधवा, मूल, विहीर, पाटील, झालं, कादंबरी तयार. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेतली आणि तुम्ही कागदात बघितलेलं काय आणि तुम्हाला वाटलेलं काय ते वेगळं करत गेले. कागदात बघितलेल्या गोष्टी फक्त तीन निघाल्या. दोन मृत्यू आणि एक जमीनविक्री. विधवा हा शब्द रजिस्टरमध्ये आहे का? तुमच्या पत्रात तरी तसं नाही, तो चुलतभावाच्या तोंडून आलाय. ते मूल तिचंच होतं असं लिहिलंय का? तेही नाही.

आता हे मी तुम्हाला उगाच धीर द्यायला म्हणत नाहीये. जे वाटतंय ते खरंही असू शकतं. त्या काळात विधवेला दिवस गेले तर तिचं काय व्हायचं हे आपल्याला माहिती आहे, त्याच्याही पाऊणशे वर्षं आधी, 1863 मध्ये, जोतिराव-सावित्रीबाईंना पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावं लागलं ते काही हौस म्हणून नाही. पण एकोणीस वर्षांची मुलगी आणि सहा दिवसांचं बाळ माहेरच्या गावच्या रजिस्टरमध्ये सापडतंय याचा अजून एक अगदी साधा अर्थ निघतो, आणि तो तुमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नाही याचं मला नवल वाटतं. पहिलं बाळंतपण माहेरी. नवरा जिवंत, सासर नांदतं, मुलगी बाळंतपणाला आलीये, बाळ सहाव्या दिवशी गेलं आणि दोन दिवसांनी ती विहिरीपाशी. आपल्याकडे जुन्या बायका 'बाळंतवात' म्हणायच्या, बाळंतिणीला भ्रम होतो, झोप उडते, कुणी बोलावतंय असं वाटतं. आज त्याला डॉक्टर आहेत, औषधं आहेत. 1938 च्या खेड्यात काय होतं? बाहेरची बाधा, अंगारा, आणि फार तर खोलीला कडी. म्हणजे घरच्यांनी जे लपवलं ते खून नसून आत्महत्या असू शकते, किंवा रात्री एकटी बाहेर गेली आणि कुणाचं लक्ष नव्हतं एवढंच असू शकतं, आणि ते 'लक्ष नव्हतं' कुणाचं यावरच पुढे घर पंच्याऐंशी वर्षं गप्प राहिलं असेल. हा माझा अंदाज आहे, तुमच्या चुलतभावाचा आहे तसाच. दोन्ही अंदाज कागदाच्या बाहेरचे.

आता कागदाकडेच नीट बघू, कारण तुम्ही रजिस्टर म्हणजे सत्य असं धरून चाललाय. ते रजिस्टर गावात ठेवलं जायचं आणि गावातलेच लोक भरायचे, कोतवालाने खबर आणायची, पाटलाच्या दप्तरात लिहायची. कारणाच्या रकान्यात सगळ्यात जास्त सापडणारा शब्द म्हणजे 'ताप', हिवताप असो, विषमज्वर असो, न्युमोनिया असो, नाहीतर काय झालं कुणालाच कळलं नाही असं असो, सगळं ताप. तान्ह्या मुलांचं तर विचारूच नका. त्या बाळापुढे ताप लिहिलाय म्हणून संशय घ्यायचा तर त्या पानावरच्या निम्म्या ओळींवर घ्यावा लागेल. एक करा, त्या महिन्याची आणि पुढच्या-मागच्या दोन महिन्यांची सगळी पानं वाचून घ्या, फक्त आपल्या घरची ओळ नको. गावात त्या दिवसांत अजून किती तान्ही मुलं गेली ते कळेल. एक ओळ एकटी बघितली की ती नेहमी भयानकच दिसते.

शिवाय तारखा. खबर दिल्याची तारीख आणि मृत्यूची तारीख यांची गल्लत होते, आधी वारलेल्याची नोंद नंतर येते, आणि जुन्या दप्तरात कधी इसवी सन, कधी शके, कधी फसली असा मामला असतो (शकेत 78 मिळवायचे, फसलीत 590, वर्षाच्या कुठल्या महिन्यात आहात त्यावर एक इकडे-तिकडे). 'दोन दिवस आधी' या तीन शब्दांवर तुम्ही सगळी गोष्ट उभी केलीये, तर ते तीन शब्द तरी पक्के आहेत ना ते बघा. तुमचा मोडीवाला नोंद शोधत होता, त्याचे डोळे जातीच्या रकान्यावर होते, बाकीचं त्याने जाता जाता वाचलंय. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ बघत नाहीत, एका दमात ओळ ओढलेली असते. तेच पान दुसऱ्या कुणाला तरी, आधीचं काहीही न सांगता, कोरं वाचायला द्या. पैसे जातील थोडे, जाऊ देत. नाहीतर स्वतः शिका, राज्याच्या पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग असतात, आणि स्वतःच्या घरची ओळ स्वतः वाचणं वेगळंच असतं, हे अनुभवाने सांगते.

अनुभवाचं निघालंच आहे तर सांगून टाकते, मला त्यात काही भूषण नाहीये. माझ्या आजीचा एक भाऊ 'काशीला गेला' असं आमच्याकडे सांगायचे, म्हणजे पुढे विचारू नका. मी पंचविशीत, फार शहाणी, एका जुन्या निकालाच्या कागदात त्याचं नाव-आडनाव सापडलं, दरोडा, सक्तमजुरी, आणि मी ते एका लग्नात चारचौघांत सांगितलं. आजीची धाकटी बहीण तिथून उठली आणि मरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. सहा वर्षांनी शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरची प्रत मिळाली, त्यात जन्मतारीख, वडिलांचं नाव, आणि कळलं की त्या निकालातला माणूस शेजारच्या गावचा, त्याच नावाचा दुसराच होता. आमचा खरंच कुठे गेला ते अजून माहिती नाही. मावशीआजीची माफी मागायला गेले तेव्हा ती कुणालाच ओळखत नव्हती.

असो.

तर पणजोबा. तुमच्या सगळ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते याने, की पोलीस पाटील स्वतः तेच होते. तुम्ही याचा अर्थ लावलाय की त्यांच्याच हातात दप्तर होतं म्हणून दाबता आलं. बरोबर आहे, शक्यता आहेच. 1867 च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याप्रमाणे असा अपमृत्यू झाला की पाटलाने पंच गोळा करून चौकशी करायची आणि वर कळवायचं. म्हणजे स्वतःच्या मुलीच्या प्रेताचा पंचनामा त्यांनीच करायचा होता. पण ताई, उलटंही बघा ना. दाबायचंच होतं आणि लेखणी हातात होती तर बाळापुढे लिहिला तोच शब्द तिच्यापुढे लिहिणं किती सोपं होतं. ताप. कुणी विचारलं नसतं. तिथे 'विहिरीत पडून' लिहिलंय. एवढं लिहिलं की वर कळवणं आलं, चौकशी आली. कदाचित अख्ख्या गावाने बघितलं होतं म्हणून लपवणं शक्यच नव्हतं. कदाचित त्यांना खोटं लिहायचं नव्हतं. अक्षर त्यांचंच आहे का हे बघता येतं, त्याच रजिस्टरमध्ये आधीच्या-नंतरच्या शंभर ओळी आहेत, आणि घरात त्यांची एखादी चिठ्ठी, हिशेबाचं चोपडं असेलच. मी निकाल देत नाहीये. मी एवढंच म्हणतेय की ज्या ओळीवरून तुम्ही त्यांना खुनी ठरवलंत ती ओळ त्यांच्या बाजूनेही साक्ष देऊ शकते.

जमिनीचं तर मला सगळ्यात कमी पटलं. 1929 नंतर शेतमालाचे भाव कोसळले, सगळं दशक कुणबी-सावकार याच कहाणीत गेलं, इतकं की 1939 मध्ये मुंबई सरकारला शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. त्या वर्षी दोन एकर विकणारे तुमचे पणजोबा एकटे नव्हते. आणि यात अंदाज करत बसायची गरजच नाही. फेरफारात, म्हणजे नमुना 6 मध्ये, कोणाला विकली आणि खरेदीखत कधी झालं हे असतं, त्यावरून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखताची नक्कल मागता येते. वडिलोपार्जित जमीन विकताना कुटुंबाची गरज दाखवावी लागायची, म्हणून जुन्या खतांत विकण्याचं कारण बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, अमक्याचं देणं फेडायला, मुलीच्या लग्नाच्या कर्जाला, दाव्याच्या खर्चाला. तिथे काय लिहिलंय ते वाचा आणि मग बोला. जमीन घेणारा कोण तेही बघा, सावकार निघाला तर एक गोष्ट, तिच्या सासरचा कुणी निघाला तर गोष्ट पूर्ण वेगळी.

तिच्या सासरकडून शोधणं हाच खरा रस्ता आहे, तो तुम्ही चाचपलेलाच नाही. ती विधवा होती का हे तुमच्या गावात कळणार नाही, तिच्या नवऱ्याच्या गावात कळेल. त्या गावच्या नमुना 14 मध्ये 1938 च्या आधी तो वारल्याची नोंद आहे का, वारस नोंदीत त्याच्या जागी कोण लागलं, तो पुढे 1950 मध्ये सातबारावर खातेदार म्हणून दिसतो का. एक सातबारा तुमच्या चुलतभावाची अख्खी गोष्ट उडवून लावू शकतो किंवा पक्की करू शकतो. बऱ्याच तालुक्यांचे जुने फेरफार, जुने सातबारे 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले आहेत, नसले तर तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज करा, आणि कुणी नुसतंच 'मिळणार नाही' म्हणालं तर माहिती अधिकारात लेखी मागा, वीस वर्षांपेक्षा जुन्या गोष्टींना त्या कायद्यातल्या माहिती नाकारायच्या बहुतेक सवलती लागू होत नाहीत. सासर कुठलं हेच माहिती नसेल तर कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांसाठी सांगते, तुमच्याकडे हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारे, येत असतील तर त्यांच्या वहीत लेकी कुठे दिल्या ते कधी कधी असतं. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांच्या नामावळीत तर कुटुंबातलं कोण कधी आलं, कुणाचं काय केलं, खाली सही कुणाची, सगळं सापडतं. 1938-39 मध्ये तुमच्या पणजोबांची तिथे सही आहे का आणि कुणासाठी आले होते, हे बघायला मी असते तर पहिली एसटी पकडली असती. पंचनाम्याच्या मूळ कागदाची मात्र फार आशा धरू नका, तसले कागद मुदत संपली की नष्ट करतात.

आणि 'तिला वंशावळीतून पुसून टाकलं' असं तुम्ही लिहिलंय. पणजोबांच्या बाकीच्या मुली आहेत का वंशावळीत? त्यांच्या बहिणी? माझी पैज, नाहीत. आपल्या वंशावळी म्हणजे बापाखाली मुलगा, त्याखाली मुलगा, लेकी सासरी गेल्या की कागदावरून गेल्या. तेव्हा हिला मुद्दाम पुसलं की सगळ्यांबरोबर तीही आपोआप राहिली, हे आधी ठरवा, उगाच कटाचा वास नको.

आता जिवंत माणसांकडे येते, कारण मेलेल्यांना तुमच्या शोधाने काही होणार नाही, आत्यांना होणार आहे. आत्या 83 म्हणजे या प्रकारानंतरचा जन्म, वडिलांचाही. दोघांनी स्वतः काही बघितलेलं नाही. त्यांच्याजवळ जे असेल ते त्यांच्या आईने कधीतरी अर्धवट सांगितलेलं, नाहीतर मोठी माणसं बोलता बोलता थांबली तेव्हा जाणवलेलं. तुम्ही जाऊन विचारलंत काय, तर 'आपल्या पणजोबांनी खून केला होता का'. कोण उत्तर देईल? तुम्ही म्हणता त्यांना माहितीये म्हणून त्या गप्प आहेत. मला वाटतं त्यांना अर्धंच माहितीये आणि उरलेलं अर्धं तुमच्या तोंडून ऐकायची भीती आहे. फोन करू नका, जा. रजिस्टरची प्रत पर्समध्येच राहू दे. पणजीबद्दल विचारा, ती कशी होती, कुठल्या खोलीत बसायची, कुठल्या वाटेने पाण्याला जायची, तिची मुलं किती, जगली किती. 'किती झाली आणि किती जगली' हा प्रश्न त्या पिढीतल्या बाईला कुणीही विचारू शकतं, त्यात आरोप नाही. आत्या तीन मुलगे म्हणाल्या आणि थांबल्या तर तुम्हीही थांबा. पंधरा मिनिटं नुसतं बसा. आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग करायचं तर विचारून करा, उशीखाली लपवून नाही, असं केलेलं मला माहिती आहे एका घरात.

वडिलांना तूर्त सोडा. ते उठून गेले ते तुमच्यावर चिडून असं तुम्हाला वाटतंय, पण 78 वर्षांचा माणूस ज्या फोटोसमोर रोज हात जोडतो त्याच्याबद्दल लेकीने एकदम हे विचारलं तर तो अजून काय करेल.

व्हॉट्सॲप ग्रुपवर ते पान टाकायचं नाही. चुलतभावालाही स्पष्ट सांगा, आणि त्याने टाकलंच तर तिथे वाद घालू नका, 'अजून वाचन पक्कं नाही' एवढंच लिहा. पुस्तिकेबद्दल माझं मत तुमच्या दोन्ही पर्यायांपेक्षा वेगळं आहे. खुनाचा आरोप छापायचा नाही, कारण तुमच्याकडे तो नाहीच आहे. पण पणजोबांची मुलं तीन असंही आता छापता येणार नाही, कारण ते खोटं आहे हे तुम्हाला माहिती झालंय. तिचं नाव, जन्माचा अंदाजे सन, मृत्यू 1938, इतकं यायला हवं, आणि तिच्यासोबत बाकीच्या सगळ्या लेकीही यायला हव्यात, म्हणजे ती एकटीच उठून दिसणार नाही आणि पणज्या-आत्यांची भर पडली म्हणून कुणी तक्रारही करणार नाही. भावाला एवढंच सांगा की नोंद सापडली, एक बहीण राहून गेलीये. मृत्यूचं कारण त्याने विचारलं तर खोटं बोलू नका, कागद दाखवा. छपाई महिनाभर पुढे गेली तर काही बिघडत नाही.

ज्या वाचकांच्या घरातलं गुपित इतकं जुनं नाही, ज्यात केलेला माणूस किंवा सोसलेला माणूस आज जिवंत आहे, त्यांनी यातलं काही स्वतःला लावून घेऊ नये. तिथे वंशावळ आणि मोडी बाजूला ठेवायची, आधी सोसलेल्या माणसाला काय हवंय ते विचारायचं आणि वकील गाठायचा.

रक्ताचं म्हणाल तर पतवंडाच्या वाट्याला पणजोबांचा आठवा हिस्सा येतो, आणि तो पणजीचाही तेवढाच येतो, जिची लेक गेली. तुम्ही तिची पतवंडं आहात हे एकदाही लिहिलं नाहीत.

अजून एक राहिलं. मी पत्रात पेन्सिलीने खुणा करत होते तेव्हा मोजलं, पणजोबांचं नाव तुम्ही नऊ वेळा लिहिलंय, पदवीसकट. चुलतभावाचं चार वेळा. तिचं एकदाही नाही, सगळीकडे 'ती मुलगी' आहे. रजिस्टरमध्ये मयताच्या नावाचा रकाना असतो. मोडीवाल्याने तो वाचला नसेल, तुम्ही विचारला नसेल. तिथे काय लिहिलंय ते बघून मला कळवा, आणि आत्यांकडे जायच्या आधी बघा, म्हणजे त्यांच्यासमोर नाव घेऊन विचारता येईल.